डोळे मिट, आणि शहाणा हो!

(तृतीय वर्ष कला, मानसशास्त्र)

लोकलच्या डब्यात बसायला जागा मिळाली नाही की वाचायला भरपूर मिळते. मूळव्याध, करणी, घरबसल्या कमाई, परदेशी नोकरी असे नाना प्रकारचे वाङ्मय डोळ्यांसमोर चिकटवलेले असते. डोंबिवली ते ठाणे या माझ्या रोजच्या प्रवासात अलीकडे या वाङ्मयात एका नव्या प्रकाराची भर पडली आहे. ‘मुलांचा हट्टीपणा, चिडचिड, विसराळूपणा, अभ्यासाचा कंटाळा, मोबाईलचे वेड, अंथरूण ओले करणे. संमोहनाने कायमचा बंदोबस्त. पालकांनी समक्ष भेटावे.’ साधारण अशा धाटणीचा मजकूर, खाली दूरध्वनी क्रमांक आणि वर दोन मोठ्ठे डोळे. शेजारी बंगाली बाबांची चिठ्ठी असतेच.

मला त्या मजकुरातले शेवटचे वाक्य खटकते. पालकांनी समक्ष भेटावे. बरोबरच आहे म्हणा, पैसे तेच देणार. पण ज्याच्या डोक्याचा बंदोबस्त व्हायचा आहे त्या मुलाला कोणी काही विचारायचे की नाही? घरात उंदीर झाले तर घरमालकाने समक्ष भेटावे हे ठीक आहे. दहा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत ही भाषा कानाला कशी लागते ते वाचकांनीच पाहावे.

या विषयावर आमच्या वर्गात वाद झाला तेव्हा दोन पक्ष पडले. एक पक्ष म्हणाला, संमोहन हे शुद्ध थोतांड आहे, रंगमंचावर कोणाला कच्चा बटाटा सफरचंद म्हणून खायला लावण्यापलीकडे त्यात काही नाही. दुसरा पक्ष म्हणाला, अहो, अंतर्मनाची शक्ती अफाट आहे, मुलाच्या अंतर्मनात एकदा चांगला विचार पेरला की झाले. मला दोन्ही पक्ष मान्य नाहीत, आणि त्यातल्या त्यात दुसरा अधिक घातक वाटतो. कारण पहिला पक्ष निदान मुलांना हात तरी लावत नाही.

प्रथम शब्दाचाच विचार करू. ‘संमोहन’ हा शब्द आपल्याकडे कोणी रूढ केला असेल त्याने मुलांचे फार नुकसान केले आहे. त्यात मोह आहे, मोहिनी आहे, भूल आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात तर क्रोधातून संमोह आणि संमोहातून स्मृतिभ्रंश अशी साखळीच सांगितली आहे. आणि आमच्या डब्यातला जाहिरातदार याच शब्दाच्या बळावर विसराळूपणा घालवू पाहतो! असो. शब्द रूढ आहे, तोच वापरणे भाग आहे. मात्र त्या शब्दामुळे मनात जे चित्र उभे राहते, म्हणजे एक बलवान मन आणि त्याच्यापुढे नमलेले एक दुबळे मन, ते चित्र मुळातच चुकीचे आहे, आणि ते चुकीचे असल्याचा पुरावा सव्वादोनशे वर्षांहून अधिक जुना आहे. योगायोग असा की तो पुरावा एका बारा वर्षांच्या मुलाने दिला.

अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्झ मेस्मर या वैद्याने पॅरिसमध्ये मोठी खळबळ उडवून दिली होती. आपल्या देहातून एक चुंबकीय द्रव वाहतो व त्याने रोग बरे होतात असा त्याचा दावा होता. माणसे येत, थरथरत, बेशुद्ध पडत आणि बरी होऊन जात. अखेर १७८४ साली फ्रान्सच्या राजाने चौकशी समिती नेमली. तीत रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते आणि त्या वेळी अमेरिकेचे वकील म्हणून तिथे राहणारे बेंजामिन फ्रँकलिनही होते. मेस्मरच्या एका शिष्याने फ्रँकलिन यांच्या बागेतले जर्दाळूचे एक झाड ‘भारून’ ठेवले आणि आपल्याबरोबर आणलेल्या एका बारा वर्षांच्या मुलाला डोळे बांधून झाडाझाडांपाशी नेण्यात आले. मुलगा पहिल्या झाडापाशी घामाघूम झाला, पुढच्या झाडांपाशी त्याचे डोके दुखू लागले, आणि चौथ्या झाडाशी येताच तो बेशुद्ध होऊन पडला. भारलेले झाड अजून कितीतरी पावले दूर होते!

समितीने निष्कर्ष काढला की चुंबकीय द्रव वगैरे काही नाही, हा सारा कल्पनाशक्तीचा खेळ आहे. मेस्मरची पुरती शोभा झाली. पण वाचकहो, त्या मुलाकडे जरा पुन्हा बघा. साध्या झाडापाशी तो खरोखरच कोसळला होता. ढोंग नव्हते ते. म्हणजे शक्ती झाडात नव्हती, मेस्मरमध्ये नव्हती, त्याच्या शिष्यात तर नव्हतीच. ती त्या पोराच्या डोक्यात होती. समितीने ‘केवळ कल्पना’ म्हणून ज्या गोष्टीची बोळवण केली, ती गोष्ट माणसाला घाम फोडू शकते, डोके दुखवू शकते, बेशुद्ध करू शकते. मग तीच गोष्ट डोकेदुखी थांबवू शकणार नाही काय, हा प्रश्न विचारायला पुढच्या लोकांना बराच वेळ लागला.

त्या प्रश्नाचे एक उत्तर आपल्याच देशात मिळाले. १८४५ साली बंगालमधल्या हुगळी येथे जेम्स एस्डेल या स्कॉटिश शल्यवैद्याने मेस्मरच्या पद्धतीने रोग्यांना गुंगवून त्यांच्यावर शस्त्रक्रिया करायला सुरुवात केली. भूल देण्याचे औषध तोवर प्रचारात आले नव्हते. हत्तीरोगाच्या अवजड गाठी त्याने अशा रीतीने काढल्या, आणि त्याचे काम पाहून सरकारने कलकत्त्यात त्याला एक लहान रुग्णालयही दिले. पुढे १८४६ साली ईथर आणि १८४७ साली क्लोरोफॉर्म आले आणि एस्डेलची विद्या मागे पडली. तिकडे इंग्लंडात जेम्स ब्रेड याने १८४३ मध्येच मेस्मरचा द्रव फेकून देऊन या अवस्थेला आजचे इंग्रजी नाव दिले होते. ब्रिटिश वैद्यक संघटनेने १९५५ साली आणि अमेरिकन वैद्यक संघटनेने १९५८ साली ही पद्धत उपचारात वापरण्याजोगी असल्याचे मान्य केले. तेव्हा ‘थोतांड’ म्हणणाऱ्या माझ्या वर्गमित्रांना निदान सहा-सात दशके उशीर झाला आहे.

आता मुलांकडे वळू. मुले मोठ्यांपेक्षा संमोहनाला चटकन प्रतिसाद देतात, हे मोजमापांनी सिद्ध झाले आहे. साधारण आठ ते बारा या वयात ही क्षमता सर्वांत जास्त असते, पुढे ती थोडी उतरते. ज्याने घरात भातुकली पाहिली आहे त्याला याचे नवल वाटू नये. बाटलीच्या झाकणात वाढलेली माती ‘खाऊन’ ज्यांचे पोट भरते, खुर्च्यांची गाडी ज्यांना खरोखर कल्याणहून कसाऱ्याला नेते, गोष्टीच्या पुस्तकात डोके घातल्यावर ज्यांना आईची चौथी हाक ऐकू येत नाही, त्यांना संमोहनात जायला लोलक कशाला हवा? ती अर्धीअधिक तिथेच राहत असतात.

म्हणूनच मुलांशी काम करणारा जाणता उपचारक ‘झोप, झोप, तुझ्या पापण्या जड होत आहेत’ असले काही म्हणतच नाही. कित्येकदा मुलाचे डोळे उघडे असतात, ते खुर्चीत चुळबुळ करत असते, मधेच प्रश्नही विचारते. उपचारक त्याच्या आवडीची जागा विचारतो, आवडता खेळ विचारतो, आणि त्या खेळातूनच त्याला आपल्या शरीराशी बोलायला शिकवतो. माझ्या कल्याणच्या मामेबहिणीच्या बाबतीत हे मी जवळून पाहिले. नवव्या वर्षी तिला मधुमेह असल्याचे कळले, तो लहान मुलांना होतो त्या जातीचा. दिवसातून अनेकदा इन्सुलिनची सुई. पोर सुई पाहिली की किंचाळायची, तिला धरायला दोघे लागत. मामी स्वयंपाकघरात जाऊन रडायची. डॉक्टरांनीच त्यांना एका मानसशास्त्रज्ञ बाईंकडे पाठवले. मी सोबत गेले होते. बाईंनी मामींकडे न पाहता तिला विचारले, “तुला काय हवंय ग?”

“सुई नको.”

“ते माझ्या हातात नाही. तुझ्या आईच्याही नाही. दुसरं काही?”

तिने बराच वेळ विचार केला. मग म्हणाली, “सुई टोचताना सगळे माझ्याकडे बघतात, ते नको. आणि मला रडू यायला नको.”

मला वाटते सगळा उपचार त्या क्षणीच अर्धा झाला. पुढे बाईंनी तिला बर्फाच्या पाण्यात हात बुडवल्याची कल्पना करायला शिकवले, तो गार झालेला, बधिर झालेला हात मांडीवर ठेवला की मांडी बधिर होते हा खेळ शिकवला. घरी रोज दहा मिनिटे सराव. चौथ्या खेपेनंतर बाईंची गरज उरली नाही. ती आता स्वतःच सुई टोचून घेते, आणि टोचताना आम्हाला खोलीबाहेर घालवते.

या प्रकारच्या कामाला भक्कम आधार आहे. सुया, जखमांची मलमपट्टी, दात काढणे, कर्करोगाच्या मुलांवर वारंवार होणाऱ्या तपासण्या यांतले दुःख आणि भीती संमोहनाने कमी होते, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. पोटदुखीचे उदाहरण तर विलक्षण आहे. शाळेच्या वेळी पोट दुखणारी आणि तपासणीत काहीच न सापडणारी मुले प्रत्येक शाळेत असतात. आपण त्यांना ‘नाटकी’ म्हणून मोकळे होतो. नेदरलँड्समध्ये २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आठ ते अठरा वर्षांची अशी ५३ मुले घेतली होती. नेहमीचे औषधोपचार मिळालेल्यांपैकी वर्षाअखेर २५ टक्के बरी झाली, तर संमोहनाचा उपचार मिळालेल्यांपैकी ८५ टक्के. अंथरूण ओले करणाऱ्या काही मुलांनाही याचा उपयोग होतो, पण तिथे आधी लघवीची तपासणी, बद्धकोष्ठ, मधुमेह हे सगळे पाहावे लागते, आणि अंथरूण भिजताच वाजणाऱ्या घंटेच्या उपकरणाचा पुरावा अधिक सबळ आहे. परीक्षेची भीती, झोप न लागणे, नखे खाणे, यांतही संमोहन इतर उपचारांच्या जोडीने साथ देते.

यादी वाचताना एक गोष्ट लक्षात आली असेल. या सर्व प्रकारांत त्रास मुलाला होतो आहे. पोट त्याचे दुखते, भीती त्याला वाटते, ओल्या अंथरुणाची लाज त्याला येते. त्याला स्वतःलाच यातून सुटायचे असते. डब्यातल्या जाहिरातीतली बहुतेक यादी वेगळ्या जातीची आहे. हट्टीपणा, उलट बोलणे, अभ्यासाचा कंटाळा. इथे त्रास होतो तो आईला, बाबांना, वर्गशिक्षिकेला. मुलाने बदलावे अशी इच्छा दुसऱ्याच कोणाची तरी आहे. आणि नेमक्या याच प्रकारांत, म्हणजे आक्रमक वागणे, ऐकण्यास नकार, अतिचंचलता यांत, नुसत्या संमोहनाने मूल सुधारते असे म्हणायला भरीव पुरावा नाही. पुरावा आहे तो आईवडिलांना शिकवण्याचा. मुलाशी कसे बोलावे, कशाकडे लक्ष द्यावे, कशाकडे काणाडोळा करावा, शिक्षा कशी असावी आणि कशी नसावी, याचे पद्धतशीर शिक्षण आईवडिलांना दिले तर मुलाचे वागणे सुधारते. पण अशी जाहिरात डब्यात कोण लावणार? ‘आपल्या मुलाच्या हट्टीपणासाठी आपण स्वतः दहा आठवडे शिकवणीला या’ म्हटले तर समक्ष भेटायला कोणी फिरकणार नाही.

आमच्या गल्लीतल्या एका मुलाची हकीकत सांगते. नाव, गाव, इमारत सांगण्याचे कारण नाही. चौथीत होता. दप्तर फेकायचा, गृहपाठ करायचा नाही, वही फाडायचा. त्याला संमोहनाच्या एका ‘तज्ज्ञा’कडे नेले. चार बैठका झाल्या, आणि चार बैठकांत त्या कुटुंबाचे महिन्याचे घरभाडे गेले. मुलाला पडदे लावलेल्या खोलीत आडवे करून सांगण्यात आले की यापुढे अभ्यास टाळलास तर तुला आतून कोणीतरी ओरडेल. पंधरा दिवस मुलगा अगदी गोगलगाय झाला. आईने गल्लीत पेढे वाटले. तिसऱ्या आठवड्यात तो रात्री दिवा बंद करू देईना. मी त्याच्या घरी शिकवायला जात असे. मला म्हणाला, “ताई, तो आतला माणूस ओरडतो. मी वाचतो तरी ओरडतो.”

वाचतो तरी! पुढे शाळेतल्या एका नव्या बाईंच्या लक्षात आले की हा मुलगा ‘कमळ’ आणि ‘कळम’ यांत गोंधळतो, ओळ सोडून खालच्या ओळीवर जातो. मुंबईच्या एका सरकारी रुग्णालयात तपासणी झाली. वाचन-अक्षमता निघाली. ‘तारे जमीं पर’ हा चित्रपट २००७ सालीच येऊन गेला होता, आणि त्यातला मुलगा पाहून त्या घरातली मंडळी रडलीही होती. पडद्यावरचे मूल ओळखता आले, घरातले आले नाही. महाराष्ट्रात शालान्त परीक्षेला अशा मुलांना जादा वेळ व अन्य सवलती मिळण्याची सोय कितीतरी वर्षांपासून आहे. हा मुलगा दप्तर का फेकत होता याचे उत्तर इतके साधे होते. त्या तज्ज्ञाने ते शोधलेच नाही. त्याला तो प्रश्न घातलाच गेला नव्हता. त्याला एवढेच सांगितले होते की दप्तर फेकणे थांबवा.

म्हणून माझे म्हणणे असे की मुलाचे वागणे हा बहुधा निरोप असतो. निरोप न वाचताच टपालवाल्याला गप्प करणे याला उपचार म्हणता येत नाही. आणि कधीकधी निरोप फार भयंकर असतो. शाळेत कोणी छळत असते, घरात बाप पिऊन मारत असतो, ओळखीतलेच कोणी अंगाला हात लावत असते. अशा मुलाला ‘तू शांत आहेस, तू आनंदी आहेस, तू मोठ्यांचे ऐकतोस’ अशा सूचना देणे म्हणजे काय करणे, याचा विचार जाहिरातदार करत नाही. मोठ्यांचे ऐकू नकोस, हेच त्या मुलाला कोणीतरी सांगायला हवे असते! उलट संमोहनाच्या जोरावर ‘दडलेल्या आठवणी’ उकरून काढणेही तितकेच धोक्याचे. सूचनेला पटकन वश होणारे मन न घडलेल्या गोष्टीही आठवू लागते, आणि अमेरिकेत गेल्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत अशा खोट्या आठवणींनी कितीतरी घरे उद्ध्वस्त झाली. आपल्याकडे तर काही महाभाग मुलांना थेट पूर्वजन्मात नेऊन आणतात. या जन्मीचा चौथीचा अभ्यास झेपत नाही, त्यात आणखी मागच्या जन्माची थकबाकी!

आता आईवडिलांची बाजू. ती मी मुद्दाम मांडते, कारण त्यांना मूर्ख ठरवून हा प्रश्न सुटणार नाही. कल्याण, डोंबिवली, ठाकुर्ली, दिवा येथून रोज लाखो माणसे गाडीला लटकून मुंबईला जातात. ‘डोंबिवली फास्ट’ या २००५ च्या चित्रपटातला माधव आपटे रोजच्या त्याच त्या चाकोरीने फुटला तेव्हा प्रेक्षकांना तो आपल्यातलाच वाटला होता. तो आपटे संध्याकाळी घरी येतो तेव्हा घरात एक मूलही असते, हे आपण विसरतो. सकाळी सातला पाळणाघर, मग शाळा, मग शिकवणी, पुन्हा पाळणाघर. रात्री साडेआठला आई येते, तिच्या खांद्यावर पर्स असते आणि हातात निवडायची मेथी असते. दीड खोलीच्या घरात मूल ओरडले की शेजाऱ्याला कळते. हट्ट पुरवायला वेळ नाही आणि हट्ट मोडायलाही वेळ नाही. अशा आईला कोणी म्हणाले की तीन बैठकांत पोर शहाणे होईल, तर ती पैसे कर्जाऊ काढून देईल. मी तिच्या जागी असते तर कदाचित मीही दिले असते. मानसोपचारासाठी दर आठवड्याला अर्ध्या दिवसाची रजा काढा असे सांगणाऱ्या माणसाने तिच्या कचेरीतले रजेचे पुस्तकही पाहायला हवे.

भरीस भर म्हणून ठाण्याची ख्याती. नरोत्तमदास माधवदास यांच्या देणगीतून १९०१ साली उभे राहिलेले मनोरुग्णालय या गावात आहे, आणि तेव्हापासून साऱ्या मुंबईच्या तोंडी ‘ह्याला ठाण्याला पाठवा’ हा वाक्प्रचार बसला आहे. आमच्या लहानपणी जेवत नाही म्हणून मुलांना याच वाक्याची भीती दाखवत. अशा मुलखात मुलाला मनाच्या डॉक्टरकडे नेणे म्हणजे घराण्याला बट्टा. संमोहनवाल्याकडे नेले तर मात्र ‘व्यक्तिमत्त्व विकासा’ला नेले असे सांगता येते. पण याच ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी मानसिक आरोग्याची संस्था सुरू केली आणि मनाच्या आजाराविषयी भर सभेत, अगदी रंगमंचावरूनही, मोकळेपणाने बोलता येते हे दाखवून दिले. देशातले पहिले बालमार्गदर्शन केंद्र १९३७ साली मुंबईतच, टाटांच्या समाजकार्य शिक्षणसंस्थेत, निघाले होते. म्हणजे परंपरा आपल्या दाराशी आहे. दाराशी असूनही ती अपुरी आहे हेही खरे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता) तेरा ते सतरा या वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांना मानसिक विकार असल्याचे आढळले. साठ मुलांच्या वर्गात चार. आपल्या शाळांत साठ मुलांमागे समुपदेशक किती, हे प्रत्येकाने आपापल्या शाळेपुरते आठवून पाहावे.

या पोकळीत दुकाने निघतात. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाची नोंदणी १९९२ च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वास परिषदेकडे व्हावी लागते, मनोविकारतज्ज्ञ तर वैद्यकीय पदवीधरच असतो. पण ‘संमोहनतज्ज्ञ’ अशी पाटी लावायला दोन-तीन शनिवार-रविवारांच्या वर्गाचे प्रमाणपत्र पुरते. जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्रात २०१३ साली झाला, त्यासाठी डॉ. दाभोलकरांसारख्या माणसाला प्राण गमवावे लागले. तो कायदा अंगात आणणाऱ्या बाबाला धरू शकतो. पांढरा डगला घालून ‘अंतर्मन’ हा शब्द उच्चारणाऱ्याजवळ तो क्वचितच पोचतो. माझ्या मते साधी कसोटी अशी असावी: हा माणूस संमोहनाशिवाय या मुलावर उपचार करू शकला असता काय? ज्याला मुलाचा आजार ओळखता येतो, कुटुंबाशी बोलता येते, शाळेला पत्र लिहिता येते, आणि ‘हे माझे काम नाही, डॉक्टरांकडे जा’ असे सांगता येते, त्याने संमोहन जरूर वापरावे. त्याच्या पेटीतले ते एक हत्यार आहे. ज्याच्या पेटीत दुसरे काहीच नाही त्याच्या खोलीत मुलाला एकटे सोडू नये. खोलीत शब्दशः सोडू नये. आईवडिलांना बाहेर बसवून दार बंद करायचा आग्रह जो धरतो, त्याचा जिना तिथूनच उतरावा.

एक गोष्ट राहिली, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. सूचनेने मूल घडते हे जर खरे असेल, तर सूचना देणारे फक्त पाटीवालेच आहेत काय? ‘ढ आहेस तू’, ‘बापावर गेलायस’, ‘तुझ्याच्याने गणित होणार नाही’, ‘ही आमची रडूबाई’. दमलेल्या, अर्धवट झोपेत असलेल्या मुलाच्या कानावर रोज रात्री नऊच्या सुमारास, त्याचा ज्यांच्यावर सर्वांत जास्त विश्वास आहे त्या माणसांच्या आवाजात, ही वाक्ये पडतात. कुठल्या संमोहनतज्ज्ञाला इतकी अनुकूल परिस्थिती मिळते? शाळाही मागे नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने २०१० सालापासून शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी केली आहे. पण छडी दिसते आणि वाक्य दिसत नाही. वर्गात ‘शेवटच्या बाकावरचे’ म्हणून वर्षभर हिणवलेले पोर खरोखर शेवटच्या बाकावरचे होऊन बाहेर पडते. जर्दाळूच्या बागेतला तो मुलगा साध्या झाडापाशी कोसळला होता. आमची मुले साध्या आकड्यांपाशी कोसळतात, कारण त्यांना कोणीतरी सांगून ठेवलेले असते की इथे तू पडणार.

आपल्यापैकी बरेच जण पुढे शिक्षक होतील, बहुतेक सगळे आईबाप होतील. तोवर करण्याजोगे एक काम या निमित्ताने सुचवते. आपल्या मानसशास्त्र विभागाने महाविद्यालयाच्या आसपासच्या दोन-तीन शाळांत पालकांसाठी वर्ग घ्यावेत. रविवारी सकाळी घ्यावेत, कारण इतर दिवशी पालक घरी नसतात. व्याख्यान नको, वीस-पंचवीस पालक जमिनीवर सतरंजीवर बसतील एवढेच असावे, आणि त्यांच्या मुलांसाठी शेजारच्या खोलीत आपल्यापैकी कोणीतरी गोष्टी सांगाव्यात. पोट का दुखते, मूल वाचताना ओळ का चुकते, कोणाकडे जावे आणि कोणाकडे जाऊ नये, एवढे सांगितले तरी पुष्कळ. केंद्र सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक फळ्यावर लिहून ठेवावा. तिथे मराठीत बोलता येते आणि रजा काढावी लागत नाही. प्राचार्यांची परवानगी लागेल, शाळांना पत्रे द्यावी लागतील, सतरंज्या बहुधा आपल्यालाच न्याव्या लागतील. विभागप्रमुखांशी मी बोलले आहे. ते म्हणाले, आधी नावे द्या. सूचनाफलकाशेजारी कागद लावला आहे, त्यावर हे लिहीपर्यंत सात नावे झाली आहेत.